पूल्ड एसएचआरएनए स्क्रीन: सुरुवातीच्या सॅम्पलचेच रेप्लिकेट जुळत नाहीत

धंतोली_बेंच:
नागपुरात ए549 या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींवर 10,000 हेअरपिनचा (एकेका जीनला दाबणारे छोटे आरएनए, म्हणजेच एसएचआरएनए) लेंटिव्हायरल पूल, म्हणजे विषाणूतून पेशीत जाणारं मिश्रण, लावून राहिलो. एमओआय (पेशीमागे विषाणू) 0.3, रेप्लिकेटमागे (त्याच प्रयोगाच्या प्रत्येक आवृत्तीमागे) 1 कोटी पेशी, विषाणू न लागलेल्या पेशी मारायला प्युरोमायसिन 3 दिवस. मग जीनोमिक डीएनए काढून त्यातला 2 मायक्रोग्रॅम घेतला आणि हेअरपिनच्या प्रती वाढवायला 32 सायकलचा पीसीआर केला. सिक्वेन्सिंगमध्ये हेअरपिनमागे सरासरी 800 रीड्स (वाचनं) आहेत, तरी बरेच हेअरपिन एका रेप्लिकेटमध्ये दिसतात आणि दुसऱ्यात शून्य. रीड्स वाढवू का?

गुणसूत्र66:
रीड्सवर पैसे घालवू नका, गळती त्याआधीच झाली आहे. ए549 जवळजवळ त्रिगुणित, पेशीमागे डीएनए सुमारे 10 पिकोग्रॅम. म्हणजे 2 मायक्रोग्रॅमात जेमतेम 2 लाख पेशी आल्या, हेअरपिनमागे 20. तीही सरासरी, पूलमध्ये जे मुळातच कमी आहेत त्यांच्या वाट्याला एक-दोन. पुढे 800 वेळा वाचलं तरी त्याच 20 प्रतींची नक्कल वाचता आहात.

हेअरपिनमागे 500 पेशी हव्या असतील तर 50 लाख पेशींचा डीएनए, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम, पीसीआरमध्ये गेलाच पाहिजे. एका ट्यूबमध्ये 2, अशा 25 ट्यूब. नंतर सगळं एकत्र करून त्यातून पुढचा पीसीआर. सायकल 32 फार झाल्या. उत्पादन दिसू लागेल तिथेच थांबा.

धंतोली_बेंच:
डीएनए उरलाय. पण 25 ट्यूब खर्चिक पडतील नं?

वर्धारोड:
तुमच्याकडे तेवढ्या लागतही नाहीत. एमओआय 0.3 ला सुमारे 26 टक्केच पेशींना विषाणू लागतो, म्हणजे 1 कोटीतल्या 26 लाख. प्युरोमायसिनच्या सिलेक्शनमध्ये त्या वाढून 50 लाख झाल्या तरी इन्फेक्शनच्या स्वतंत्र घटना 26 लाखच, हेअरपिनमागे 260. आत्ता 13 ट्यूब करा. पुढच्या खेपेला 2 कोटी पेशींपासून सुरू करा आणि दर पॅसेजला (पेशी नव्या प्लेटमध्ये हलवताना) 50 लाखांच्या खाली उतरू नका.

त्याआधी स्वस्तातली तपासणी: एकाच डीएनएचे दोन वेगळे पीसीआर करा. ते आपसात जुळले नाहीत तर दोष पीसीआरचा. जुळले आणि रेप्लिकेट तरीही वेगळे राहिले, तर इन्फेक्शनच्या वेळी पेशी कमी पडल्या. मूळ प्लाझ्मिड पूलही सोबत वाचून घ्या, नाहीतर तिरपेपणा कुठून आला ते कळणार नाही.

गुणसूत्र66:
प्लाझ्मिड पुन्हा वाढवायचा झाला तर स्टेबल3 सारखे जिवाणू आणि 30 अंश, नाहीतर एलटीआर (विषाणूच्या दोन टोकांचे सारखे तुकडे) आपसात जुळून मधला तुकडा उडतो. मे महिन्यात इथे कूलिंग नसलेला शेकर 30 वर राहतच नाही बाप्पा, खोलीच 35 ला असते. मोठ्या प्लेट्सवर वाढवा, हेअरपिनमागे 200 तरी कॉलनी. द्रव माध्यमात जोमदार क्लोन बाकीच्यांना मागे टाकतात.

वर्धारोड:
आणि हिट (परिणाम दाखवणारा जीन) आल्यावर एका हेअरपिनवर विसंबू नका. त्याच्या दुसऱ्या ते आठव्या बेसचा सीड (लक्ष्य ओळखणारा तुकडा) भलत्याच एमआरएनएला गाठतो. एका जीनचे दोन-तीन वेगळे हेअरपिन एकाच दिशेने गेले तरच पुढे न्या, आणि त्याच जीनचा, हेअरपिनला न जुमानणारा सीडीएनए (जीनची प्रत) घालून परिणाम परत फिरतो का ते बघा.