सायकलचे कॉटनचे टायर नागपुरात 'पैशाचा चुराडा'? आधी टायर मेला कुठून ते बघा

सेमिनरी_चढ
काल इथे एक पोस्ट पडली: "हाताने बनवलेले कॉटन टायर म्हणजे पैशाचा चुराडा, नागपुरात एक पावसाळा निघत नाही." त्यावर धडाधड अंगठे. टायर नेमका कुठून गेला, हवा किती भरली होती, हे एकानेही विचारू नये?

हा टायर वरून झिजून क्वचितच मरतो. तो बाजूने मरतो. ३२० टीपीआयचं (इंचाला इतके धागे) सुती केसिंग, म्हणजे टायरचं कापडी अंग, त्यावर लॅटेक्सचा पातळ हात, आणि रबराची पट्टी वरून चिकटवलेली. साच्यात भाजलेल्या नायलॉन टायरमध्ये धागा रबरात बुडालेला असतो, इथे साइडवॉलला, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीला, तो जवळजवळ उघडा. म्हणूनच तो इतका लवचीक, आणि म्हणूनच नाजूक. पाणी शिरत राहिलं की सूत कुजतं, चार धागे तुटले की तिथे फुगवटा येतो. फुगवटा दिसल्यावरही जे चालवतात त्यांची ट्यूब बाहेर येते, मग ते इथे पोस्ट लिहितात.

चढवण्याआधी साइडवॉलला द्रव लॅटेक्सचा एक पातळ हात द्या, रात्रभर सुकू द्या. पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा एकदा. पट्टीची कड उचलली असेल तर दोन्ही बाजू पॉलिश पेपरने हलक्या घासा. पेट्रोलचा बोळा फिरवू नका, लॅटेक्स सुटतं. पंक्चरचं सोल्युशन दोन्हीकडे पातळ लावा, बोटाला चिकटेनासं झालं की दाबा, आणि २४ तास सायकल बाहेर काढू नका. हवेचं म्हणाल तर ७० किलोच्या माणसाला २८ मिमीमध्ये पुढे ७०, मागे ७५ पीएसआय पुष्कळ झाली. ११० भरून टायरला शिव्या देणाऱ्यांना काय सांगायचं!

बाभूळकाटा
वा भाऊ! म्हणजे महागाचा टायर घ्या, त्याला रंगरंगोटी करा, पावसाळ्याआधी ओवाळा. काहून? कॉन्टिनेंटलचा नायलॉनचा जीपी ५००० लावा अन् विसरा. ११० टीपीआयचे तीन थर, ट्रेडखाली (रस्त्याला टेकणाऱ्या रबराखाली) व्हेक्ट्रान या चिवट धाग्याची पट्टी, अन् ड्रमवर चाक फिरवून घेतलेल्या चाचण्यांत तो कॉटनच्या मागे पडत नाही. उमरेड रोडच्या कडेला फुटलेल्या ट्रक टायरच्या तारा असतात, केसासारख्या. पाऊस सरला की सराटे. सुताने काय अडवायचं?

सेमिनरी_चढ
तार व्हेक्ट्रानच्या विणीतूनही शिरते. ती शिरते आणि रुतून बसते, चाक फिरता फिरता आत सरकत जाते. घरी आल्यावर चाक हाताने फिरवून टोकदार चिमट्याने काढली तर दोन्ही टायर वाचतात. आणि तुमच्या लाडक्या जीपी ५००० च्या अंगावरच 'हँडमेड इन जर्मनी' छापलेलं असतं. तेव्हा भांडण हाताशी नाही, सुताशी आहे. पॅरिस-रूबे शर्यतीच्या दगडी रस्त्यांवर डुगास्ट कंपनीचे सुती टायर वर्षानुवर्षं धावले.

बाभूळकाटा
तिथे मागे गाडी असते, गाडीवर चाकं असतात. टायर एका दिवसापुरता लावतात. तुमच्या मागे कोण येतं काटोल रोडवर? आणि ज्यांच्या नावाने आरती करता त्या कॉटनवाल्या व्हिटोरिया कंपनीनेच २०२३ मध्ये कोर्सा प्रो काढला, सुती केसिंग पण ट्रेड उष्णतेने एकजीव केलेला. चिकटवण्यात काही अर्थ असता तर त्यांनीच तो प्रकार कशाला सोडला असता?

गट्टूग्रस्त
राजेहो, साइडवॉल कापते कशाने हे कोणी बोलतच नाही! सिमेंट रोड ओतला, बाजूला गट्टू (सिमेंटचे फरशी-ठोकळे) बसवले, गट्टू खचले, मध्ये लांबलचक चर. तो चालण्याच्या दिशेने असतो, म्हणून २५ मिमीचं चाक त्यात उतरतं. बाहेर निघायला हँडल वळवलं की स्लॅबची कड साइडवॉल सोलून काढते. तिथे सूत काय अन् नायलॉन काय!

काँक्रीटच_बरा
सुरू झालं! डांबरी रस्त्यावरचे खड्डे विसरलात वाटतं. धारदार खड्ड्यात टायर रिमपर्यंत दबतो, ट्यूबला सापाच्या दातांसारखी दोन भोकं, आणि सुती केसिंगही तिथेच चिरतं. सिमेंट रोडवर सांधे साधारण साडेचार मीटरवर, आडवे, ८-१० मिमीचे, सील भरलेले. चाक वरून निघून जातं.

गट्टूग्रस्त
सील भरलेले! कधी वाकून बघितलं का? सील निघालं की त्या खाचेत खडी अडकते, तीच वर तोंड करून बसते. साडेचार मीटर म्हणजे ताशी ३० ने सेकंदाला जवळपास दोन ठोके, मनगटाला विचारा. आणि रस्ता उंबऱ्यापेक्षा उंच झाला ते वेगळंच. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा पाणी कुठे कुठे शिरलं ते आठवा.

काँक्रीटच_बरा
अंबाझरीच्या पुराचं खापर आता टायरवर फोडा. तुम्ही कुठल्याही धाग्यावर गट्टूच बसवता. चर दिसला तर त्याला तिरपं, मोठ्या कोनात ओलांडायचं असतं, समांतर रेंगाळत नाही. रेल्वे रूळ ओलांडता येतात ना?

गट्टूग्रस्त
रूळ ओलांडताना मागून ऑटो हॉर्न मारत नसतो. चर ओलांडायला मध्ये घुसायचं अन् चिरडून घ्यायचं, हा सल्ला फुकटात दिल्याबद्दल आभार.

धागापाल
टायरवर या. वैयक्तिक टोमणे उडवले जातील.

उन्हातला_पंप
उन्हाचं कोणीच काढलं नाही, आश्चर्य आहे. सकाळी २५ अंशांना ७५ भरलेला टायर मे महिन्यात उन्हात उभा राहून ६५ अंशांवर गेला की गेज ८७ दाखवेल. हुकलेस रिमला (जिच्या कडेला टायर धरणारा आकडा नसतो) कमाल ५ बार, म्हणजे ७२.५. करा हिशोब. लॅटेक्सला उन्हाने भेगा पडतात त्या वेगळ्या, कॉटन टायर बाल्कनीत टांगून ठेवणारे स्वतःच त्याला मारतात. ट्यूबलेस असेल तर सीलंटमधलं (आत भरलेल्या भोकं बुजवणाऱ्या द्रवातलं) पाणी उडतं, टायरमागे ३०-४० मिली टाकून सहा महिने विसरायचा प्रदेश हा नाही. उन्हाळ्यात दर महिन्याला व्हॉल्व्हमधून काडी घालून बघा. आणि सेमिनरी_चढ, लॅटेक्स ट्यूब घालणाऱ्यांना रोज हवा भरावी लागते, हे तुम्ही सोयीस्कर गाळलं.

सेमिनरी_चढ
गाळलं नाही, विषय टायरचा होता. रोज भरावी लागते, खरं आहे. ट्यूब घालताना टाल्कम पावडरही लागते, आणि नवा टायर सपाट येतो, साच्यातल्यासारखा गोल नसतो, म्हणून आदल्या रात्री ट्यूबशिवाय रिमवर ताणून ठेवावा लागतो. ज्यांना एवढं जमत नाही त्यांनी घेऊ नये. पण 'जमत नाही' आणि 'टिकत नाही' यात फरक आहे.

बाभूळकाटा
आता आले मुद्द्यावर. म्हणजे टिकतो, फक्त दवाखान्यात ठेवावा लागतो. ठीक, एवढं मानतो: पुढच्या चाकावर वजन चाळीस-पंचेचाळीस टक्केच, तिथे काट्या-तारांचं पंक्चर कमी, आणि वळणावर कॉटनची पकड छान लागते. पुढे कॉटन लावा. मागे लावाल तर वर्धा रोडवरून फोन करू नका.

सेमिनरी_चढ
मागे नायलॉन लावायला माझी हरकत कधीच नव्हती. मूळ पोस्ट वाचा, त्यात पुढचं-मागचं हा शब्दच नाही.

गट्टूग्रस्त
पुढचं चाकच चरात आधी उतरतं, बरं का.