तळघरातल्या वीज-उष्णता संचाबद्दल मदत हवी आहे (जर्मनी)

नमस्कार मंडळी. आमच्या इमारतीत १४ फ्लॅट आहेत आणि तळघरातला गॅस बॉयलर आता बदलायला झालाय. मालकांच्या बैठकीत दोन पर्याय आले: हीट पंप (बाहेरची उष्णता विजेवर घरात ओढणारं यंत्र), किंवा गॅसच्या इंजिनावर वीज करून त्याचीच उष्णता हीटिंगला वापरणारा छोटा संच. प्रस्ताव 'डाख्स' या ब्रँडच्या संचाचा आहे, वीज ५.५ किलोवॉट आणि उष्णता साधारण १२ किलोवॉट; कडाक्याच्या थंडीसाठी जोडीला बॉयलर ठेवावाच लागेल.

अशा वीज-उष्णता संचांसाठीच्या, २०२० मध्ये सुधारलेल्या कायद्याने ग्रिडला दिलेल्या विजेवर युनिटमागे १६ सेंट आणि स्वतः वापरलेल्या विजेवर ८ सेंट अनुदान मिळतं, तेही पूर्ण क्षमतेच्या ३० हजार तासांपुरतंच. म्हणजे यंत्र वर्षभर चालत राहिलं तरच गणित जमणार. आणि उन्हाळ्यात? अंघोळीच्या पाण्यापलीकडे उष्णता लागतेच कुणाला!

कुणाच्या इमारतीत असा संच आहे का? वर्षाला किती तास चालतो? देखभालीचा करार केवढ्याला पडतो? भाडेकरूंना वीज विकायची तर मीटर आणि बिलांची भानगड कोण सांभाळतं? माझा कल हीट पंपाकडे आहे, पण रेडिएटर जुने आहेत, त्यांना जास्त गरम पाणी लागतं. विक्रेत्यांचे आकडे नकोत, स्वतःची बिलं पाहून सांगा.