इंजेक्शनच्या बाजूला सर्व्हो व्हॉल्व्ह लागतोच का?

तेलपाणी
जुन्या हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणाऱ्या) प्लास्टिक मोल्डिंग मशीनचा इंजेक्शनचा, म्हणजे साच्यात प्लास्टिक ढकलतानाचा, व्हॉल्व्ह बदलायचा म्हटला की विक्रेता आधी सर्व्हो व्हॉल्व्ह (तेलाचा प्रवाह फार चपळ आणि अचूक बदलणारा, महाग) पुढे करतो. माझं मत स्पष्ट आहे. बादल्या, क्रेट, खुर्च्या काढणाऱ्या मशीनला प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (तोही प्रवाह सिग्नलप्रमाणे कमी-जास्त करतो, पण साधा असतो) पुरतो. सर्व्होच्या स्पूलभोवतीची (आत सरकणाऱ्या दांड्याभोवतीची) फट जेमतेम काही मायक्रॉनची, त्यामुळे तेल आयएसओ ४४०६ या तेलातल्या कणांच्या मानकाप्रमाणे साधारण १६/१४/११ इतकं स्वच्छ लागतं (आकडे जितके लहान, तितकं तेल स्वच्छ). प्रपोर्शनल १८/१६/१३ वरही निभावून नेतो. फिल्टरचा इंडिकेटर लाल होऊनही जिथे कोणी वळून बघत नाही, तिथे सर्व्हो अडकणारच. मग पार्ट शॉर्ट (अर्धवट भरलेला) येतो, ऑपरेटर प्रेशर वाढवतो, पुढच्या शॉटला फ्लॅश (साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं प्लास्टिक) येतो आणि खापर मोल्डवर फुटतं.

पातळ भिंत
पूर्ण असहमत. तुम्ही खुर्च्यांचं बोलताय, मी पातळ भिंतीच्या डब्यांचं बोलतो. प्लास्टिक पुढे ढकलणाऱ्या स्क्रूचा वेग ३०० मिमी प्रति सेकंद धरा. स्विचओव्हरला (साचा भरणं संपवून दाब धरण्याकडे वळताना) व्हॉल्व्ह १० मिलिसेकंद उशिरा हलला तर स्क्रू ३ मिमी जास्त पुढे जातो. ४० मिमी व्यासाच्या स्क्रूवर ते जवळपास पावणेचार घन सेंटिमीटर प्लास्टिक झालं! हलक्या डब्यात एवढा फरक कुठे लपवणार? तेल घाण आहे म्हणून व्हॉल्व्ह साधा घ्या, हा सल्लाच मला पटत नाही. तेल साफ करा, ऑफलाइन फिल्टर (टाकीतलं तेल वेगळ्या पंपाने गाळणारा) लावा.

स्पूल आणि स्लीव्ह
दोघंही एका गोष्टीवर बोलत नाही आहात, आणि खरेदीत पैसे तिथेच बुडतात. कॅटलॉगमधला फ्लो कोणत्या प्रेशर ड्रॉपवर (व्हॉल्व्हमधून जाताना दाबात होणाऱ्या घटीवर) दिलाय ते बघा. सर्व्होचा सहसा ७० बारवर देतात, प्रपोर्शनलचा १० बारवर. फ्लो प्रेशर ड्रॉपच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे '१०० लिटर'चा सर्व्हो १० बारवर ३८ लिटरच्या आसपासच देतो. शेजारी ६० लिटरचा प्रपोर्शनल ठेवला तर तो छोटा वाटतो, पण आतून मोठा असतो. हे न बघता निवडलं की मशीन वेगच पकडत नाही आणि लोक पंपाला दोष देत बसतात.

वीजबिल
व्हॉल्व्हवर इतका खल कशाला? सर्व्हो मोटरचा, गरजेपुरताच फिरणारा पंप बसवा. थ्रॉटलिंगमध्ये (व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून दाबून) तेल तापवून वीज का जाळायची?

पातळ भिंत
वीज वाचते, मान्य. पण मोटर आणि पंपाला जडत्व असतं. फार वेगवान इंजेक्शनला अ‍ॅक्युम्युलेटर (दाबाखाली तेल साठवणारी टाकी) आणि चपळ व्हॉल्व्ह लागतोच.

तेलपाणी
पातळ भिंत, तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो तुमच्या मालाचा. आणि व्हॉल्व्हच्या आधी स्क्रूच्या टोकाची चेक रिंग (प्लास्टिक मागे जाऊ न देणारी) तपासायला हवी, तीही एक व्हॉल्व्हच आहे. होल्डिंगच्या (साचा भरल्यावर दाब धरण्याच्या) वेळी स्क्रू हळूहळू पुढे सरकत राहिला आणि कुशन (स्क्रूपुढे शिल्लक राहणारं प्लास्टिक) दर शॉटला बदलली, तर प्लास्टिक रिंगमधून मागे गळतंय अशी दाट शंका घ्यावी. तसं असेल तर जगातला सर्वात महाग सर्व्हो बसवला तरी पार्टचं वजन हलतच राहणार. हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण महाग व्हॉल्व्ह आणि झिजलेली रिंग एकाच मशीनवर फार वेळा दिसतात.

पातळ भिंत
रिंग आधी, मान्य. पण रिंग नवी, तेल स्वच्छ आणि तरीही वजन हलतंय, तेव्हा काय? होल्डिंगला व्हॉल्व्ह शून्याच्या आसपास (जवळपास बंद स्थितीत) काम करतो. ओव्हरलॅपवाल्या (तेलाच्या तोंडापेक्षा रुंद) स्पूलला दिशा बदलताना आधी मधली मृत जागा ओलांडावी लागते आणि तेवढ्यात प्रेशर हेलकावतं.

तेलपाणी
त्यासाठी झिरो-लॅप (मृत जागा नसलेल्या) स्पूलचा आणि स्पूल पोझिशनचा फीडबॅक असलेला घ्या की. तोही प्रपोर्शनलच, आणि तेलाच्या बाबतीत सर्व्होइतका नाजूक नाही. तुमच्या डब्यांना तोही कमी पडला तरच सर्व्हो घ्या. बादलीच्या मशीनवर मात्र मी तो बसू देणार नाही.