लाँगइयरब्येन ते न्यू-ओलेसुंड: अंतर किती, विमानाला वेळ किती?

यावलची_आई:
नमस्कार. मुलगी जुलैत संशोधनासाठी हिमाद्रीवर जाऊ राहिली. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंड गावात आपल्या देशाचं केंद्र आहे, तिथे. ऑस्लोहून लाँगइयरब्येनपर्यंत विमान ३ तासांचं आहे, एवढं कळलं. पुढचं कोणी सांगेल का? नकाशात दोन्ही गावं अगदी शेजारी दिसतात. गाडी करून जाता येत नाही का? परतताना त्याच दिवशी ऑस्लोहून मुंबईचं विमान धरायचं ती म्हणते. जमेल का?

धुळेकर७१:
सरळ रेषेत ११० किलोमीटरच्या आसपास. भुसावळहून धुळ्याला जावं तेवढंच. विमानाला २५ मिनिटं पुरतात.

चोपड्याचा_मेकॅनिक:
ताई, मी हिमाद्रीवर यंत्रांच्या कामासाठी राहून आलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रस्ता नाहीच. स्वालबार्डमध्ये एका गावाहून दुसऱ्या गावाला रस्ताच जात नाही, मधे हिमनद्या आणि फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधे शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या. उन्हाळ्यात बोट, नाहीतर विमान. विमान म्हणजे डॉर्नियर २२८, दोन पंख्यांचं. हेच विमान आपल्याकडे कानपूरला एचएएल ही सरकारी विमान कंपनी बनवते, हे तिथे कळल्यावर मला फार बरं वाटलं होतं. सामानाचं वजन काटेकोर मोजतात, त्यामुळे बिबड्या द्या, लोणच्याची बरणी नको. जेवण गावच्या सामाईक मेसमध्ये असतं, उपाशी राहणार नाही.

आता मुख्य गोष्ट. त्या २५ मिनिटांवर काही ठरवू नका. विमान रोज नसतं, न्यू-ओलेसुंडची धावपट्टी खडीची आहे, आणि धुकं उतरलं की उड्डाण थांबतं. उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, पण धुक्यापुढे त्याचा उपयोग नाही. मुंबईचं तिकीट त्याच दिवसाचं मुळीच काढू देऊ नका. लाँगइयरब्येनला निदान दोन रात्री हाताशी ठेवा, जाताना आणि येतानाही.

व्हिसाही आत्ताच बघा. स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. ऑस्लोहून तिकडे गेलं की शेंगेनमधून बाहेर पडल्याची नोंद होते, परतताना पुन्हा प्रवेश लागतो. व्हिसा किमान दोन प्रवेशांचा हवा. एका प्रवेशाचा असेल तर येताना अडकेल.

यावलची_आई:
भाऊ, खूप आभार. व्हिसाचं आजच विचारते. तिथे फोन लागेल ना? आणि अस्वलांचं काय?

चोपड्याचा_मेकॅनिक:
वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही बंद ठेवावे लागतात. तिथल्या रेडिओ दुर्बिणी अंतराळातले फार क्षीण संकेत ऐकतात, त्यावरून पृथ्वीची हालचाल मोजतात. आपल्या फोनने त्यात खरखर येते. पण खोलीत तारेचं इंटरनेट असतं, लॅपटॉपवरून बोलेल. पोचल्या पोचल्या फोन आला नाही म्हणून घाबरू नका.

पांढरी अस्वलं खरोखर असतात. गावाबाहेर पडताना सोबत बंदूक चालवता येणारं माणूस लागतंच, एकटीला कोणी सोडत नाही. गावातल्या घरांना तर कुलूपच लावत नाहीत, अस्वल आलं तर कुणालाही जवळच्या दारात शिरता यावं म्हणून.

जुलैत तापमान ५-६ अंश असतं, पण फ्योर्डवरून वारा बोचतो. वारा अडवणारं जाकीट घ्या, स्वेटर एक कमी चालेल.

धुळेकर७१:
दोन प्रवेशांचा मुद्दा मला माहीत नव्हता. भाचा डिसेंबरात ट्रोम्सोमार्गे जाणार आहे, त्यालाही हेच लागू का?

चोपड्याचा_मेकॅनिक:
हो दादा. फक्त पासपोर्ट तपासणी ट्रोम्सोला होते. तिथून पुढे पावणेदोन तास धरा.