ऑटो मोडवाला इन्सुलिन पंप रात्री शुगर खरंच सांभाळतो का? टाइप वन डायबेटिसवाल्यांनी सांगा

विरारचा प्रवासी
वय ३४, टाइप वन होऊन बारा वर्षं. रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं, दंडावर शुगर मोजणारा सेन्सर. दिवसाचं जमवतो, रात्रीचं जमत नाही. मागच्या आठवड्यात पहाटे तीनला शुगर ५२. अलार्म मला ऐकूच आला नाही, बायकोने हलवून उठवलं, साखरपाणी पाजलं. तेव्हापासून ती दोनचा गजर लावून झोपते. डॉक्टर पंप घ्या म्हणताहेत. जेवणातले कार्ब, म्हणजे पिष्ट-साखरेचे ग्रॅम, मोजणं सुटतं का? आणि विरार-चर्चगेट उभ्याने जाताना पंपाची नळी टिकते का?

बोरिवलीची ताई
दादा, कार्ब मोजणं सुटत नाही. रात्र मात्र सुटते.

मी ४६ वर्षांची, चौदाव्या वर्षापासून टाइप वन. मेडट्रॉनिकचा ७८०जी वापरते. सेन्सरचा आकडा बघून तो दर पाच मिनिटांनी इन्सुलिन कमी-जास्त करतो, शुगर घसरायला लागली की आधीच थांबवतो. पंप लावल्यावर पहिल्या आठवड्यात एका सकाळी आलेख बघितला, तर बारापासून सहापर्यंत रेघ ११०-१२०च्या आसपास. आईला दाखवला. तिने चष्मा लावून दोनदा बघितला. मी शाळेत असताना पहाटे उठून माझ्या मानेला हात लावायची ती, घाम आलाय का बघायला.

जेवणाचं पंपाला आपणच सांगायचं. इन्सुलिन कातडीखालून रक्तात पोचेपर्यंत भाताची साखर पुढे गेलेली असते, म्हणून मी ताट वाढायच्या पंधरा मिनिटं आधी बोलस, म्हणजे जेवणाचं इन्सुलिन, देते. विसरलात तर तासाभराने पूर्ण कार्ब टाकू नका. मधल्या वेळात पंपाने स्वतःहून थोडं दिलेलं असतं, दोन्ही मिळून शुगर लो होते. गणपतीत दोन उकडीचे मोदक खाऊन झाल्यावर मला आठवलं, पूर्ण आकडा टाकला आणि आरतीत हात थरथरायला लागले. ५८.

खर्चाचं म्हणाल तर पंप एकदाच घ्यायचा, पण सेट (नळी आणि तिचं कातडीखाली जाणारं टोक) आणि सेन्सर दर महिन्याला लागतात. तो महिन्याचा आकडा आधी कागदावर मांडा.

कुर्ल्याहून
ताईंच्या मोदकांवरून आठवलं. पंपावर लो झाली की पूर्वीसारखी १५ ग्रॅम साखर घेऊ नका, पंपाने इन्सुलिन आधीच रोखलेलं असतं. मला बहुतेक वेळा ५ ते १० ग्रॅम पुरते. तुमचा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. आणि पावसाळ्यात सेन्सरवर जादा चिकटपट्टी लावाच.

विरारचा प्रवासी
ताई, नळीचं राहिलं.

बोरिवलीची ताई
तेच सविस्तर सांगायचं होतं. दादरला दाराशी रेटारेटी झाली, कोणाच्या तरी पर्सची साखळी नळीत अडकली. चिमटा काढल्यासारखं वाटलं, बस. ऑफिसात पोचल्यावर कुर्ता पोटापाशी ओला, इन्सुलिनचा तो औषधी वास. कॅन्युला, म्हणजे सेटचं कातडीखालचं टोक, बाहेर आली होती आणि पंप आपला देतच होता. मीटिंग होती म्हणून बदलायचं लांबवलं, ती माझी चूक. पंपात फक्त लवकर काम करणारं इन्सुलिन असतं, अंगात लांब टिकणाऱ्याचा साठा नसतो. तीन तासांत ३२०, मळमळ, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की रक्तात साठणारं आम्ल). इन्सुलिनचं पेन घरी राहिलेलं.

आता पर्समध्ये पेन, सुया, जादा सेट, कीटोनच्या पट्ट्या कायम. पंप कपड्याच्या आत कमरपट्ट्यात, नळी वळवून चिकटवलेली, बाहेर टोकसुद्धा दिसत नाही. असं केल्यापासून लोकलमध्ये एकदाही ओढली गेली नाही. शुगर २५०च्या वर गेली आणि बोलस देऊनही उतरेना, तर कीटोन तपासा, पेनने इन्सुलिन घ्या आणि सेट बदला. किती युनिट घ्यायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा.

आणि ट्रेनिंगला वहिनींना बरोबर न्या. कुठल्या अलार्मला तुम्हाला उठवायचं आणि कुठल्याला नाही, हे त्यांनाही कळायला हवं. नाहीतर पंप आला तरी त्यांचा दोनचा गजर चालूच राहील.

विरारचा प्रवासी
तिला वाचून दाखवलं. मानेला हात लावायचं ऐकून म्हणाली, मीपण तेच करते. मला माहीतच नव्हतं. सोमवारची अपॉइंटमेंट घेतली आहे, दोघं जातोय.