अपार्टमेंटच्या टेरेसवर सोलर: वर्गणी कोणी किती घालायची?

टिळकवाडी_२४
बेळगावात आमचं २४ फ्लॅटचं अपार्टमेंट आहे. लिफ्ट, बोअरची मोटर आणि जिन्याचे दिवे मिळून कॉमन मीटरला महिन्याला साधारण ८५० युनिट पडतात. १० किलोवॅटचं कोटेशन आलंय. पाच जण म्हणतात, 'आमचं बिल गृहज्योतीत (कर्नाटक सरकारची घरगुती मोफत वीज योजना) शून्य येतंय, आम्ही पैसे का घालू?' वरच्या मजल्यावाले टेरेसवर हक्क सांगतात, तीन फ्लॅट भाड्यानं दिलेत. वाटणी कशी करावी?

हिशेबनीस
आधी १० चं ७ करा. आपल्याकडे वर्षाच्या सरासरीनं किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिट धरायचे, म्हणजे ७ किलोवॅटला महिन्याला ८४० युनिट. तुमची गरज तेवढीच. जादा युनिट ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, गेले तर मिळणारा दर कमी असतो, त्यासाठी वर्गणी वाढवू नका.

किलोवॅटला ५५ हजार धरले तर ३,८५,०००. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापराला किलोवॅटमागे १८,००० सबसिडी आहे, म्हणजे १,२६,०००. ती प्लांट चालू झाल्यावर येते, त्यामुळे सुरुवातीला सगळे ३,८५,००० उभे करावे लागतात. गोंधळ इथंच होतो: लोक सबसिडी वजा करून वर्गणी काढतात आणि शेवटचा हप्ता द्यायला पैसे कमी पडतात.

गृहज्योतीवाल्यांचा मुद्दा अर्धाच खरा. फ्लॅटला युनिट वाटून दिले तर शून्य बिलवाल्याला काहीच मिळणार नाही. म्हणून युनिट वाटूच नका. कॉमन मीटरवर लावा, वाचेल तो रुपया मेंटेनन्समध्ये दिसू दे. मेंटेनन्स तर तेही भरतात.

शहापूरकर
हे बरोबर, खरं ते पाच जण तरीही पैसे देणार नाहीत.

हिशेबनीस
मग १९ जणांनी सोसायटीला बिनव्याजी कर्ज दिलं असं वहीत लिहा. प्रत्येकी २०,२६३ रुपये. सबसिडी आली की प्रत्येकाला ६,६३२ लगेच परत, उरले १३,६३१. युनिटला ६ रुपये धरले तर वर्षाला ६१ हजारांच्या आसपास बचत. त्यातले १० हजार पॅनेलची धुलाई, विमा आणि पुढे सोलरचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारी पेटी) बदलायला बाजूला. उरलेल्या ५१ हजारांतून कर्ज पाच वर्षांच्या थोडं पुढे फिटतं. तोवर कुणाचाच मेंटेनन्स कमी करायचा नाही, नंतर सगळ्या २४ जणांचा करायचा.

मेंटेनन्स चौरस फुटावर असेल तर वर्गणीही चौरस फुटावरच घ्या. दोन निकष मिसळले की टू-बीएचकेवाला तक्रार घेऊन येणारच. भाडेकरूकडून वर्गणी नको, ती मालकाची. फ्लॅट विकला तर उरलेलं येणं नव्या मालकाच्या नावे, हे एनओसीतच लिहा.

वायरमन_खानापूर
टेरेसचा वाद आधी सेल डीडमध्ये बघा. तिथं कॉमन लिहिलं असेल तर वरच्या मजल्याला वेगळा हक्क नाही. खरं स्लॅबला भोकं पाडून गळती लागली तर पाणी त्यांच्याच घरात उतरतंय. स्टँडचे पाय काँक्रीटच्या ठोकळ्यावर बसवा आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च प्लांटच्या फंडातून असं ठरावात घाला.

७ किलोवॅटला ५४० वॅटची १३ पॅनेल, साधारण ७०० चौरस फूट जागा. तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. पाण्याची टाकी आणि लिफ्टची मशीन रूम पॅनेलच्या दक्षिणेला नको. एका पॅनेलवर सावली पडली तरी अख्ख्या ओळीचं उत्पादन पडू शकतं. सबसिडी हवी तर देशी सेलचीच पॅनेल लागतात, बिलावर डीसीआर (देशी मालाची अट पाळल्याची खूण) लिहिलंय का बघा.

दोन गोष्टी मीटिंगमध्ये आधीच सांगून टाका. जून ते ऑगस्ट उत्पादन निम्म्यावर येऊ शकतं. आणि लाईट गेली की हा प्लांट बंद पडतो, लिफ्ट त्यावर चालणार नाही; लाईनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो.

टिळकवाडी_२४
म्हणजे बिल शून्य येणार नाही?

हिशेबनीस
नाही, मंजूर लोडवरचा फिक्स्ड चार्ज राहतोच. दर महिन्याला जनरेशन मीटरचं (सोलरनं किती युनिट बनवले ते दाखवणारा) रीडिंग आणि हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल दोन्ही नोटीस बोर्डवर लावा. ठराव मराठीत केला तरी अर्जाबरोबर कन्नड किंवा इंग्रजी प्रत जोडा, खेटे वाचतात. सोसायटी रजिस्टर नसेल तर सगळ्यात आधी ते काम घ्या, सबसिडी तिच्याच खात्यात जमा होते.