देवाचं प्रेम बिनशर्त असेल, तर पाचारणाचं ओझं कशाला?

रंकाळ्याकाठची
बारावीचे निकाल लागले की आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तरुणांच्या सभेत एक प्रश्न हमखास येतो. ‘प्रभूने तुझ्यासाठी जीव दिला, तू त्याच्यासाठी काय देणार?’ मुलं माना खाली घालतात. कुणी रडतं, कुणी पूर्णवेळ सेवेसाठी हात वर करतं. देवाने एखाद्या कामासाठी असं बोलावणं, याला आम्ही पाचारण म्हणतो. मला हा प्रश्नच अन्यायाचा वाटतो. त्याने देवाच्या प्रीतीचं कर्ज होतं आणि पोरं हप्ते फेडायला निघतात.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातला जक्कय बघा. यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांच्या रागातला माणूस. येशू त्याला आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचंय. अर्धं धन गरिबांना आणि लुबाडलेलं चौपट परत, हे जक्कय त्यानंतर बोलतो. अट कुणीच घातली नव्हती. शिष्य पेत्राने येशूला ओळखायचंच तीनदा नाकारलं होतं, तरी योहान २१ मध्ये येशू त्याच्याकडे हिशेब मागत नाही. माझ्यावर प्रीती करतोस का, एवढंच विचारतो आणि मेंढरं, म्हणजे आपली माणसं, त्याच्या हवाली करतो.

आपण आधीच स्वीकारलेले आहोत हे ज्याला पटलं, त्याला स्वतःला सिद्ध करत बसावं लागत नाही. मग शेजाऱ्याची गरज दिसायला लागते. पाचारण तिथे सापडतं, कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयाच्या वॉर्डात किंवा उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवरसुद्धा.

मिशन कंपाउंडवाला
ताई, पेत्राची गोष्ट तुम्ही अर्ध्यात सोडलीत. पुढच्याच ओळींत येशू त्याला सांगतो, म्हातारपणी दुसरा तुझी कंबर बांधेल आणि तुला नको तिथे नेईल. प्रीती बिनशर्त होती, पण पाचारणाला किंमत होतीच. मिशनरी वाइल्डर १८५२ मध्ये कोल्हापुरात आले, मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं. ‘आहेस तिथेच तुझं पाचारण’ एवढंच ऐकलं असतं तर ते घर सोडून निघाले असते का? आज आपली मुलं पुण्यातल्या पॅकेजलाही पाचारण म्हणतात आणि त्यांना कुणी अडवत नाही. मला याची काळजी वाटते.

बिंदू चौक
मी ख्रिस्ती नाही, पण हा विषय मला जवळचा आहे. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात (७:२०) प्रेषित पौल म्हणतो, पाचारण झालं तेव्हा ज्या स्थितीत होता त्याच स्थितीत राहा. १६व्या शतकात जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने पाचारण मठाबाहेर काढून प्रत्येक कामकऱ्याला दिलं, हे मोठंच काम. पण १५२५ मध्ये शेतकरी उठले तेव्हा तोच त्यांच्याविरुद्ध कडक लिहून गेला. आपल्याकडे तर ‘आपापलं काम देवानेच दिलंय’ असं सांगत माणसांना पिढ्यान्‌पिढ्या जातीच्या धंद्याला बांधून ठेवलं. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला मागासवर्गीयांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्या ही गाठ सोडवायला. अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं तेव्हा महाराज स्वतः तिथे चहा प्यायले. जिथे आहेस तिथेच राहा, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही.

रंकाळ्याकाठची
बिंदू चौक, २१वी ओळही वाचा. गुलाम असशील तर खंत करू नकोस, पण मोकळं होता येत असेल तर ती संधी साध, असं पौलच म्हणतो. देवाचं प्रेम तुझ्या धंद्यावर अवलंबून नाही, हे एकदा कळलं की तो धंदा सोडायचंही बळ येतं. शाहू महाराजांचं उदाहरण मी माझ्याच बाजूने वापरीन.

शिरोली नाइट शिफ्ट
तुम्ही सगळे निवडीबद्दल बोलताय. मी फौंड्रीत भट्टीवर आहे. दहावीनंतर वडील गेले, निवडायला काही नव्हतंच. देव माझ्यावर प्रेम करतो हे मला याच नोकरीत असताना उमगलं, आणि नोकरी तीच राहिली. फरक एवढाच की आता नवीन आलेल्या बिहारी पोराला चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय मी धातू ओतायला उभा करत नाही. सुपरवायझर उत्पादनावरून ओरडतो. ओरडू दे. याला पाचारण म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

मिशन कंपाउंडवाला
भाऊ, म्हणायचंच. माझा विरोध तुमच्यासारख्यांना नाही.

पण ताई, पंडिता रमाबाईंचं काय? बाप्तिस्मा १८८३ चा. विधवा मुलींसाठी शारदा सदन १८८९ मध्ये सुरू केलं, आणि तारणाची खरी ओळख आपल्याला त्यानंतर पटली असं त्या स्वतःच सांगतात. काम आधी, खात्री मागून. प्रीती उमगेपर्यंत थांबा असं म्हटलं असतं, तर त्या विधवा मुलींनी कुठे जायचं?

रंकाळ्याकाठची
रमाबाईंबद्दल तुमचं बरोबर आहे. थांबा असं मी म्हणणार नाही. पण त्यांना उमगण्याआधीही प्रीती होतीच, त्यांच्या कामाने ती विकत घेतली नव्हती. आणि १८९६च्या दुष्काळात मुलींना आणायला त्या निघाल्या, तेव्हा ती खात्री त्यांच्यापाशी होती. म्हणून पुढच्या सभेत मी मुलांना एवढंच विचारणार आहे: या शहरात कुणाचं दुःख तुला बघवत नाही? हात वर करायला सांगणार नाही.

मिशन कंपाउंडवाला
प्रश्न चांगला आहे. पण हातही वर करायला सांगा. चारचौघांत बोललेलं माणूस पाळतो. निदान आमच्या पिढीत तरी पाळलं.